श्रावण पाळायचा म्हणून रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तोडू नका

मिरजकर तिकटी (धागाकर्ता)

गटारी आठवड्यावर आली. मटणाच्या दुकानांपुढं रांगा लागतील, घराघरांत तांबडा-पांढरा होईल, आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून निम्मं गाव श्रावण पाळायला लागेल. महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर बसणाऱ्याला त्यानं काही होत नाही. त्यानं खुशाल बंद करावी, कायमची केली तर उत्तमच. मी लिहितोय ते वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी.

आमच्या गल्लीत एका काकांना घरच्यांनी अंबाबाईची शपथ घातली आणि माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. हेतू चांगलाच होता. पहिल्या दिवशी घाम आणि थरथर. दुसऱ्या रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी काका अंगावरच्या मुंग्या झाडत होते, जिथं एकही मुंगी नव्हती, आणि वारलेल्या भावाशी बोलत होते. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला. दवाखान्यात नेईपर्यंत दोनदा फिट येऊन गेली होती. काका वाचले, पण डॉक्टर म्हणाले की अजून एक रात्र खोलीत काढली असती तर सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून मी जमेल तिथं हे सांगत असतो. दारू पिऊन माणूस मरतो हे सगळ्यांना माहीत आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली तरी तो मरू शकतो, हे शंभरातल्या दहा घरांनाही माहीत नसावं. अफू किंवा ब्राऊन शुगर सोडताना हाल होतात, पण त्या हालांनी सहसा जीव जात नाही. दारू सोडताना जाऊ शकतो.

इथं कोणी डॉक्टर, परिचारिका किंवा स्वतः यातून गेलेलं असेल तर कृपया लिहा.

रात्रपाळीचा डॉक्टर

धागा वेळेवर काढलात. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आणि घटस्थापनेनंतर असे रुग्ण आम्हाला दरवर्षी दिसतात. लोक त्यांना 'फिट आली', 'वेड लागलं', 'ताप डोक्यात गेला' म्हणून आणतात. शेवटची दारू कधी घेतली हे विचारल्यावर घरचे एकमेकांकडं बघतात.

आधी हे का होतं ते सांगतो. दारू मेंदूला गुंगी आणते. रोज गुंगी आली की मेंदू तिला तोंड द्यायला स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. शांत करणाऱ्या रसायनांना तो दाद देईनासा होतो आणि उत्तेजित करणाऱ्यांना जास्त दाद देतो. दारू थांबते तेव्हा गुंगी जाते, पण ती जास्तीची जाग तशीच राहते. थरथर, घाम, धडधड, वाढलेलं बीपी, फिट, भास हे सगळं त्यातूनच येतं.

वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत हात कापू लागतात, मळमळ होते, जीव घाबरा होतो. फिट बहुधा ६ ते ४८ तासांत येते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान खरा धोका, त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. माणसाला स्थळकाळाचं भान राहत नाही, साप-मुंग्या दिसतात, ताप चढतो, नाडी जोरात पळते. म्हणजे घरच्यांना 'दोन दिवस काढले, आता सुटला' असं वाटतं, नेमकं तेव्हाच हे सुरू होतं. वेळेत उपचार मिळाले तर यातले शंभरातले ९५ हून अधिक लोक वाचतात. उपचाराविना हे प्रमाण फार वाईट होतं, आणि बंद खोलीत आजही वाईटच आहे.

प्रत्येक पिणाऱ्याला हे होत नाही. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतो, थोडी घेतल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही, आधी कधी दारू थांबल्यावर फिट आली होती, वय जास्त आहे, लिव्हर बिघडलंय, अशांना धोका मोठा. असा माणूस 'उद्यापासून बंद' म्हणाला तर त्याचा निश्चय मोडू नका, त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. उपचार अवघड नाही. डायझेपाम किंवा लोराझेपामच्या गटातलं औषध सुरू करून पाच-सात दिवसांत पायरी-पायरीनं कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. काहींना भरती लागते, काहींचं घरी राहून भागतं. पण तो निर्णय तपासूनच होतो. त्याच गोळ्या मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. वर दारू गेली तर श्वास थांबू शकतो.

आणि एक गोष्ट, जिची आपल्याकडं सर्रास सवय आहे. 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून आणू.' रोज पिणाऱ्याचं खाणं तुटलेलं असतं, त्यामुळं शरीरात बी-१ जवळजवळ उरलेलं नसतं. अशा वेळी नुसती ग्लुकोजची सलाईन लावली तर उरलंसुरलं बी-१ ग्लुकोज जाळण्यात संपतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, माणूस गोंधळतो, आणि पुढं स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून बी-१ चं इंजेक्शन आधी किंवा सलाईनसोबतच हवं. सलाईन लावणाऱ्याला 'पेशंट रोज पितो' एवढं सांगितलं तरी तो काळजी घेईल. लपवलं तर त्याला कळणार कसं?

फाउंड्रीवाला

डॉक्टर, एक शंका. मी शिरोलीत भट्टीवर असतोय. आमच्यात निम्मी पोरं म्हणत्यात की आम्ही दारू पीतच न्हाई, फक्त बिअर. दिवसाला दोन स्ट्राँग. भट्टीच्या धगीत थंड काहीतरी पायजेच म्हणत्यात. अशांना पण हे लागू हाय का?

रात्रपाळीचा डॉक्टर

दादा, पूर्ण लागू आहे. हिशोब करून दाखवतो. ३० मिलीचा एक लहान पेग व्हिस्कीचा घेतला तर त्यात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. एक बाटली चार पेगांच्या बरोबरीची. दिवसाला दोन म्हणजे आठ पेग, एका क्वार्टरपेक्षाही जास्त, कारण १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सहा पेग बसतात.

लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅमच बाहेर काढतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री अकरापर्यंत दोन बाटल्या संपवल्या तर सकाळी सातच्या पाळीला येणाऱ्या माणसाच्या रक्तात दारू उरलेली असू शकते. तसाच तो मोटारसायकलवर येतो आणि वितळलेल्या लोखंडापुढं उभा राहतो. गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सकाळीही ती ओलांडलेली असू शकते.

धगीत बिअरनं तहान भागत नाही, उलट वाढते. शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दारूनं दबतं आणि लघवीवाटे पाणी जातं. भट्टीवर मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक ठेवा.

फाउंड्रीवाला

चार पेग! हे कुणी सांगितलंच न्हवतं. उद्या जेवणाच्या सुट्टीत हाच हिशोब पोरांपुढं मांडतो. ताकाचं सुपरवायझरला विचारतो.

सीमाभाग चंदगड

आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे, तीही सांगावीशी वाटते. गोवा जवळ. तिकडची स्वस्त बाटली घाटातून चोरून येते, आणि ती मिळाली नाही की रानातली हातभट्टी आहेच. घरच्यांनी पैसे तोडले, दुकानदाराला 'ह्याला देऊ नका' सांगितलं की माणूस दारू सोडत नाही, आणखी वाईट दारूकडं जातो. काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी वाईटच, पण त्याहून भयानक म्हणजे कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेली दारू. २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालवणीत माणसं गेली ती त्यानंच. मालवणीत शंभरावर. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसा खातं. पिल्यावर अर्ध्या-एका दिवसानं पांढरं, धुक्यातून बघितल्यासारखं दिसायला लागलं तर ती नशा समजू नका. मोठ्या दवाखान्यात डायलिसिसनं आणि उताऱ्याच्या औषधानं डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात, पण तासांचा हिशोब असतो.

गावात बाटली आडवी करायच्या चळवळीत मी स्वतः होतो. महिलांनी सह्या गोळा केल्या, मतदान झालं, दुकान बंद झालं. मला त्याचा अभिमान आहे. पण दुकान बंद झालं त्या आठवड्यात रोज पिणाऱ्या दहा-पंधरा माणसांचं काय होणार, हा विचार ना आम्ही केला ना कुणी अधिकाऱ्यानं. मिरजकर तिकटी म्हणतात ते वाचून आता वाटतं, ज्या दिवशी बाटली आडवी होते त्याच दिवशी गावात वैद्यकीय शिबिर लागलं पाहिजे.

मिरजकर तिकटी

चंदगडकर, हा मुद्दा लाखमोलाचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत हे साऱ्या देशानं बघितलं. मार्चअखेरीस दुकानं एका रात्रीत बंद झाली. केरळ सरकारनं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला. केरळच्या उच्च न्यायालयानं एप्रिलच्या सुरुवातीलाच त्याला स्थगिती दिली, आणि डॉक्टरांचाही विरोध होता. तो विरोध बरोबरच होता, कारण या त्रासावर औषध आहे आणि ते दारू नाही. पण त्रास खरा आहे एवढं तरी त्या निमित्तानं सरकारदरबारी मान्य झालं.

माळकरी नंदवाळ

रामकृष्ण हरी. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. माझ्या वडिलांची दारू माळेनं सुटली. आषाढी एकादशीला दिंडीबरोबर नंदवाळला चालत गेले, विठ्ठलापुढं माळ घातली, त्यानंतर मरेपर्यंत थेंब घेतला नाही. आमच्या गावात अशी कितीतरी घरं आहेत. या धाग्यावरून कुणी असं समजू नये की माळ घालणं धोक्याचं आहे. दवाखान्यातून औषध घेऊन आलेले महिन्यात परत बाटलीला लागलेले मी पाहिले आहेत. माळकऱ्याला सगळं गाव सांभाळतं. तो लग्नात गेला तर कुणी पेला पुढं करत नाही.

आजचा दिवस

माउली, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि मी स्वतः पिणारा होतो म्हणून सांगतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत मला जे मिळालं ते तुमच्या वडिलांना दिंडीत मिळालं असणार. सोबत बसणारी, आपलं खरं ऐकून घेणारी माणसं. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रनला दोन पिणारे एकमेकांपुढं मोकळे झाले तिथून ही संघटना सुरू झाली. फी नाही, नाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळी आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही १९८६ पासून हेच काम करतंय.

पण पहिले सात दिवस वेगळे आणि पुढचं आयुष्य वेगळं. पहिल्या सात दिवसांत माझ्या शरीराला डॉक्टर लागला. मन कितीही घट्ट केलं तरी फिट काही मनाला विचारून येत नाही. त्यानंतर मात्र गोळीनं फारसं काही केलं नाही, माणसांनी केलं. माळ घालणाऱ्यानं माळ जरूर घालावी, फक्त त्या आठवड्यात डॉक्टर सोबत असावा. तुमच्या दिंडीप्रमुखांना हे सांगता येईल का? त्यांचा शब्द लोक ऐकतात, आमचा कमी ऐकतात.

माळकरी नंदवाळ

हे मान्य. पुढच्या कीर्तनाला बुवांच्या कानावर घालतो. माळ घालायला येणाऱ्याला आम्ही एवढं विचारू शकतो की बाबा, रोज पितोस का, आणि डॉक्टरला दाखवलंस का. यात देवाचा काही अपमान नाही.

गंगावेश दूधकट्टा

आमच्या नात्यात एका बाईनं नवऱ्याच्या आमटीत पावडर घालायला सुरुवात केलीय. जाहिरात बघून मागवली, 'पेशंटला न कळता दारू सुटते' असं लिहिलं होतं. याबद्दल कुणी सांगेल का? ती बिचारी हातघाईला आलेली आहे, तिला दोष देत नाही.

रात्रपाळीचा डॉक्टर

मावशी, तिला आजच थांबवायला सांगा. अशा पुड्यांत काय आहे ते पाकिटावर खरं लिहिलेलं असेलच असं नाही. डायसल्फिराम असू शकतं. ते खरंखुरं औषध आहे, १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण लक्षात आला. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ते पुढं निरुपद्रवी होतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. विष साठतं, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी एकदम खाली येतं. ज्याला माहीत आहे तो घाबरून पीत नाही, औषधाचा उपयोग एवढाच. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा प्यायला बसतो आणि हृदय कमजोर असेल तर त्यात जाऊ शकतो. पेशंटच्या संमतीशिवाय कुठलाही डॉक्टर ते देत नाही. ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधं आहेत, तीही त्याला सांगूनच द्यायची असतात.

फाउंड्रीवाला

अजून एक इचारतो. थोडी थोडी घेतली तर हृदयाला चांगली असती म्हणत्यात, ते खरं का?

रात्रपाळीचा डॉक्टर

नाही. दारू कॅन्सरकारक म्हणून १९८८ पासून पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय अशा गोष्टींच्या गटात, नोंदलेली आहे, त्याच गटात तंबाखू आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्तनाचा कॅन्सर तिच्याशी जोडलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. आपल्याकडं पेगासोबत मावा किंवा गुटखा असतो. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज होऊन वाढत नाही, त्याहून किती तरी जास्त वाढतो. लिव्हर तर बराच काळ काहीच बोलत नाही. चरबी साठते तेव्हा दुखत नाही आणि तेव्हा थांबलं तर ते बहुतेक पूर्ववत होतं. पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली, की लिव्हर वठलेलं असतं.

कळंब्याची सून

इथं पहिल्यांदाच लिहितेय. मगाशी हा धागा कुणीतरी पाठवला. आमचे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, साखर कारखान्यातून रिटायर झाल्यापासून रोज क्वार्टर, कधी त्याहून जास्त. परवा नातवानं शाळेत दारूबंदीचं चित्र काढलं ते बघून आण्णा स्वतःच म्हणाले, बास, आता सोडली. आम्हाला इतका आनंद झाला. काल रात्री शेवटची घेतली. आज सकाळपासून हात कापतायत, दूध दिलं तर उलटी झाली, अंग घामानं भिजलंय. आण्णा म्हणतात शपथ मोडणार नाही, मला दवाखान्यातही नेऊ नका, लोक काय म्हणतील. मला भीती वाटतेय. हे तेच आहे का?

रात्रपाळीचा डॉक्टर

ताई, हे तेच असण्याची दाट शक्यता आहे, आणि तुम्ही योग्य वेळी विचारलंत. फिटचा काळ आत्ता चालू आहे. उद्याची वाट बघू नका. सीपीआरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, अपघात विभागात नाहीतर जवळच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. वाटेत एकटं सोडू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नका, रिक्षा किंवा १०८ बोलवा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही घालू नका.

आजचा दिवस

ताई, आण्णांना माझ्याकडून सांगा की दवाखान्यात गेल्यानं शपथ मोडत नाही. ती टिकावी म्हणूनच जायचं आहे. मी पण लोक काय म्हणतील याच भीतीनं आठवडाभर तोंड लपवून होतो. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर आमचेच एक सर निघाले. त्यांनी विचारलं फक्त, बरं वाटतंय का.

कळंब्याची सून

आण्णा तयार झाले. नवरा रिक्षा आणायला गेलाय. तिथं गेल्यावर काय सांगायचं? सोबत काय न्यायचं?

रात्रपाळीचा डॉक्टर

केसपेपर काढताना 'अशक्तपणा' सांगू नका. 'रोज दारू पितात, काल रात्रीपासून बंद आहे, थरथर आणि उलट्या आहेत' असं सांगा, म्हणजे आत लवकर घेतील. शेवटचा घोट किती वाजता, रोज किती, किती वर्षं, आधी कधी फिट आली होती का, हे कागदावर लिहून घ्या. रोजचं प्रमाण कमी करून सांगू नका, औषधाचा डोस त्यावर ठरतो. बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि सकाळपासून पोटात काही राहिलं नसेल, तर साखर फार उतरू शकते, ते आधी तपासायला सांगा. सलाईन लावायच्या आधी बी-१ चं विचारा. दोन-तीन दिवसांनी जरा स्थिर झाले की मानसोपचार विभागात दाखवूनच घरी आणा, पुढची औषधं तिथून ठरतील.

कळंब्याची सून

शेवटची साडेनऊला घेतली होती. शुगरची गोळी चालू आहे, सकाळी घेतली, नंतर काही खाल्लेलं नाही. पाकीट घेतलंय.

रात्रपाळीचा डॉक्टर

मग ते केसपेपरवर पहिल्याच ओळीत सांगा. शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर निघताना साखरेचं पाणी थोडं थोडं द्या, पण त्यासाठी थांबून राहू नका.

मिरजकर तिकटी

ताई, मी सीपीआरपासून जवळच आहे, दारात येतो. निरोपपेटीत माझा नंबर टाकलाय. रात्री कुणी सोबत थांबायला लागलं तर आमच्या तालमीतली दोन पोरंही येतील.